बंदिवानाच्या वह्या

१९१० सालच्या हिवाळ्यांत ब्रह्मदेशांतील मंडालेच्या तुरुंगांत एक बंदिवान पेन्सिलीनें ग्रंथ लिहीत बसला होता. शाई वापरण्याची त्याला मनाई होती. सुटे कागद मिळत नसत. पानें मोजून बांधलेल्या वह्या तेवढ्या मिळत, म्हणजे एखादें पान गुपचूप बाहेर गेलें तर तें अधिकाऱ्यांच्या ध्यानांत यावें. तो बंदिवान म्हणजे लोकमान्य टिळक आणि तो ग्रंथ म्हणजे 'गीतारहस्य', हें महाराष्ट्रांतल्या श्रोत्यांस सांगावयास नको. परंतु त्या वह्यांचें पुढें काय झालें, हें सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. १९१४च्या जूनमध्यें लोकमान्य सुटून पुण्यास आले, तेव्हां वह्या त्यांच्यासोबत आल्या नाहींत. सरकारनें त्या ठेवून घेतल्या होत्या. कांहीं काळानें त्या परत मिळाल्या आणि १९१५ सालीं ग्रंथ छापून निघाला. वह्या परत न आल्यास सर्व ग्रंथ स्मरणांतून पुन्हा लिहून काढण्याची लोकमान्यांची तयारी होती, असें सांगतात. ती तयारी ठेवावी लागली, हीच या कथेंतली महत्त्वाची गोष्ट होय. वह्या देणें न देणें हें सर्वस्वीं सरकारच्या मर्जीवर होतें. त्या मिळाल्या, ती मेहेरबानी झाली.

यानंतर बरोबर पन्नास वर्षांनीं, १९६४च्या सप्टेंबरांत, मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांतील दुसऱ्या एका बंदिवानानें महाराष्ट्र सरकारकडे अर्ज केला. त्याचें नांव प्रभाकर पांडुरंग संझगिरी. हे साम्यवादी चळवळींतले कार्यकर्ते. चीनच्या आक्रमणानंतर भारत संरक्षण नियमांखालीं त्यांस चौकशीशिवाय स्थानबद्ध करण्यांत आलें होतें. तुरुंगांत त्यांनींही एक मराठी पुस्तक लिहिलें. त्याचें नांव 'अणूच्या अंतरंगांत'. पुस्तक छापण्यासाठीं हस्तलिखित बाहेर पाठवूं द्यावें, एवढीच त्यांची मागणी होती. सरकारनें सहा महिन्यांनीं, २७ मार्च १९६५च्या पत्रानें, नकार कळविला. मग संझगिरींनीं तुरुंगाच्या अधीक्षकाकडे अर्ज केला. तेथेंही नकारच मिळाला.

लोकमान्यांपेक्षां संझगिरींपाशीं एक साधन अधिक होतें. ते उच्च न्यायालयांत जाऊं शकत होते, आणि ते गेले. त्यांचें तेथें काय झालें तें सांगण्यापूर्वीं मला थोडें मागें जावयाचें आहे. तुरुंगाच्या दारांतून आंत गेलेल्या मनुष्यापाशीं कांहीं हक्क उरतात कीं नाहीं, आणि उरत असल्यास ते कोणीं राखावयाचे, हा प्रश्न आजचा नाहीं.

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'चें हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या कंटकशोधन नांवाच्या चौथ्या अधिकरणांत बंधनागाराच्या अध्यक्षालाच दंड सांगितले आहेत. कारण न सांगतां कोणास कोंडल्यास चोवीस पण. अन्यायानें छळ केल्यास अठ्ठेचाळीस पण. बंदिवानाची जागा बदलल्यास किंवा अन्नपाणी तोडल्यास शहाण्णव पण. आणि मारहाणींत बंदिवान मेल्यास एक हजार पण. हे दंड प्रत्यक्षांत कधीं वसूल झाले काय, हा प्रश्न आपण बाजूला ठेवूं. या यादींत मला लक्षांत घेण्यासारखी गोष्ट दिसते ती तिच्या पहिल्या ओळींत. छळ आणि उपासमार यांच्याही आधीं, कारण न सांगतां कोंडणें हा गुन्हा मानला आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत या विषयावर जगभर जें लिहिलें गेलें, त्याचा प्रारंभ बहुधा येथूनच होतो: कां कोंडलें तें सांगा.

इंग्लंडांत १२१५ सालच्या सनदेच्या एकोणचाळिसाव्या कलमानें कोणाही स्वतंत्र मनुष्यास देशाच्या कायद्यावांचून पकडूं नये असें ठरलें, आणि १६७९च्या कायद्यानें हेबियस कॉर्पसची वाट पक्की करून दिली. परंतु हे अधिकार तुरुंगाच्या दाराशीं पोंचेपर्यंतचे. दाराच्या आंत काय चालतें तें कोणी पाहत नसे. तें पाहिलें जॉन हॉवर्ड या गृहस्थानें. १७७३ सालीं तो बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि रिवाजाबाहेर जाऊन स्वतः तुरुंगांत उतरला. तेथें त्याला निर्दोष सुटलेले लोक कोंडलेले आढळले. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला पगार नसे. त्याचें पोट कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर चाले. ज्याला ती फी भरतां येत नसे, तो न्यायालयानें सोडला तरी तुरुंगांतच राही. शेजारच्या परगण्यांत ही फी दुसऱ्या कोणत्या मार्गानें भागवितात कीं काय तें पाहण्यासाठीं हॉवर्ड निघाला. आणि मग सबंध देशाचे व पुढें युरोपांतले तुरुंग हिंडला. १७७४ सालीं पार्लमेंटनें निर्दोष सुटलेल्यांकडून फी घेणें बंद केलें. न्यायाधीशाचा शब्द तुरुंगाच्या आंतही चालला पाहिजे, ही साधी गोष्ट कायद्यानें सांगावी लागली.

आपल्याकडे कंपनी सरकारनें तुरुंग बांधले, त्यांचे नियम केले आणि त्याबरोबरच एक वेगळी वाटही काढून ठेवली. बंगाल्यांत १८१८चा तिसरा रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्यांत १८२७चा पंचविसावा, या दोहोंच्या आधारानें सरकार कोणाही मनुष्यास राजबंदी म्हणून, खटल्यावांचून, अटकेंत ठेवूं शके. ही वाट किती सोईची होती हें पुणेंकरांनीं १८९७ सालीं पाहिलें. रँडच्या खुनानंतर लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरी बसली, वकिलांनीं बाजू मांडली आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. ज्यूरीच्या रचनेविषयीं आणि न्यायमूर्तींच्या भाषणाविषयीं आपण हवी तेवढी टीका करूं; तरी खटला झाला. त्याच वेळीं पुण्यांतील सरदार नातू बंधूंना १८२७च्या रेग्युलेशनखालीं उचलून नेण्यांत आलें. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हतें, साक्षीपुरावा नव्हता, शिक्षेची मुदतही नव्हती. ते सुटले १८९९ सालीं, जेव्हां सरकारच्या मनांत आलें तेव्हां. अपराधी ठरलेल्या मनुष्याला आपण केव्हां सुटणार तें ठाऊक होतें. ज्यांच्यावर आरोपच नव्हता त्यांना तें ठाऊक नव्हतें.

१८९४ सालीं तुरुंगांचा कायदा झाला. त्यांतील कलमें नियमांच्या भाषेंत आहेत: कोणास कोठें ठेवावें, केव्हां बेड्या घालाव्या, तुरुंगांतील गुन्हा कोणता, त्यास शिक्षा काय. कैद्याचे हक्क हा शब्दप्रयोग मात्र त्या कायद्याच्या बांधणीला परका आहे. ज्यांनीं हे नियम अंगावर सोसले त्यांत आमचे बहुतेक पुढारी होते. १९२९ सालीं लाहोरच्या तुरुंगांत राजकीय कैद्यांस माणुसकीनें वागवावें म्हणून जतींद्रनाथ दास त्रेसष्ट दिवस उपाशी राहिले आणि मरण पावले. तेव्हां, स्वराज्य आल्यावर तुरुंगांतून गेलेले हेच लोक राज्यघटना लिहितील आणि बंदिवानाच्या हक्कांची गोष्ट पहिल्या ओळींत घालतील, असें कोणासही वाटलें असतें.

तसें अगदीं झालें नाहीं. घटनेच्या पहिल्या खर्ड्यांत अमेरिकन घटनेंतले 'ड्यू प्रोसेस ऑफ लॉ' हे शब्द होते. त्याचा अर्थ असा कीं, मनुष्याचें स्वातंत्र्य घेणारा कायदा केवळ कायदेमंडळानें केलेला असून भागत नाहीं. त्याची रीत न्याय्य आहे कीं नाहीं हें न्यायालय तपासूं शकतें. घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेस गेले असतां तेथील न्यायमूर्ति फ्रँकफर्टर यांनीं त्यांस हे शब्द न घालण्याचा सल्ला दिला. ते शब्द निघाले आणि जपानच्या १९४६च्या घटनेच्या धर्तीवर 'कायद्यानें प्रस्थापित केलेली पद्धति' हे शब्द आले. मुंबईचे कन्हैयालाल मुनशी आणि इतर कित्येक सभासद जुन्या शब्दांसाठीं भांडले. डॉ. आंबेडकरांनीं १३ डिसेंबर १९४८ रोजीं दोन्ही बाजू सभागृहापुढें ठेविल्या. कायदेमंडळ पक्षाच्या आवेशांत अन्यायाचे कायदे करील हें भय एका बाजूला, आणि पांच-सहा न्यायाधीशांनीं स्वतःच्या मतानुसार कायदे रद्द करावे हें भय दुसऱ्या बाजूला. आणि त्यांनीं निवड सभागृहावर सोपविली. सभागृहानें नवे शब्द पसंत केले. परंतु डॉक्टरांच्या मनांतून ती गोष्ट गेली नसावी. १९४९च्या सप्टेंबरांत त्यांनीं एक नवें कलम आणलें. पकडलेल्या मनुष्यास कारण सांगावें, त्याला वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा, चोवीस तासांच्या आंत न्यायाधिकाऱ्यापुढें उभें करावें. आधीं जें गमावलें त्याची ही भरपाई आहे, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें. तें कलम आज बावीस क्रमांकाचें आहे. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद त्यांतच ठेवला आहे. म्हणजे नातू बंधूंची वाट पूर्ण बुजली नाहीं, तिला कुंपण तेवढें घातलें गेलें.

घटना अंमलांत येऊन चार महिने होतात न होतात तोंच मद्रासच्या तुरुंगांतील स्थानबद्ध ए. के. गोपालन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढें निकालास आला. सरन्यायाधीश कानिया आणि बहुसंख्य न्यायमूर्ति यांनीं सांगितलें कीं, कायदेमंडळानें रीतसर केलेला कायदा असला म्हणजे एकविसाव्या कलमाचें समाधान झालें. न्यायमूर्ति फजल अली यांचें मत निराळें पडलें. त्या कायद्याचें चौदावें कलम मात्र रद्द झालें. आपल्याला कोणत्या कारणांवरून पकडलें, तें स्थानबद्धानें न्यायालयाला सांगूं नये, असें तें कलम होतें! कौटिल्याच्या अध्यक्षाला कारण न सांगितल्याबद्दल दंड होता. येथें कारण सांगितलें जाई, पण तें न्यायाधीशाच्या कानीं घालण्याची बंदी होती.

आतां संझगिरींच्या हस्तलिखिताकडे वळूं. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीं पुस्तकाची अनुक्रमणिका चाळली आणि हें पुस्तक मूलकणांच्या सिद्धांताची व पुंजवादाची माहिती सामान्य वाचकांस करून देण्यासाठीं लिहिलें आहे, असा निर्वाळा दिला. अशा पुस्तकानें देशाच्या संरक्षणाला धोका पोंचण्याचा संभव नाहीं. उच्च न्यायालयानें सरकारविरुद्ध निकाल दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें.

सरकारचा युक्तिवाद दिसावयास सरळ होता. स्थानबद्ध मनुष्यानें आपलें स्वातंत्र्य गमावलें आहे. आतां स्थानबद्धांच्या नियमावलींत ज्या सवलती लिहिल्या आहेत तेवढ्याच त्याच्या. पत्रें किती लिहावीं, भेटी किती घ्याव्या, हें तिच्यांत आहे. पुस्तक छापण्यास पाठविण्याची सवलत तिच्यांत नाहीं. म्हणून तें पाठवितां येणार नाहीं. न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं या युक्तिवादाचें मूळच उपटलें. नियमावली ही सवलतींची यादी नसून निर्बंधांची आहे, असें ते म्हणाले. जेथें निर्बंध नाहीं तेथें मनुष्याचें स्वातंत्र्य कायम आहे. सरकारचें म्हणणें खरें मानावयाचें, तर नियमावलींत जेवण देण्याचें कलम नसल्यास स्थानबद्धाला उपाशी मारतां येईल! सरकारचें अपील फेटाळलें गेलें.

हा निकाल १९६५च्या सप्टेंबरांतला आहे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. त्याच महिन्यांत पाकिस्तानशीं युद्ध पेटलें होतें. आणीबाणी १९६२पासून चालूच होती. एकविसाव्या कलमासाठीं न्यायालयांत जाण्याचा स्थानबद्धांचा हक्क राष्ट्रपतींच्या हुकुमानें स्थगित होता. न्यायालयानें म्हटलें, तो हुकूम भारत संरक्षण कायद्याखालीं घेतलेल्या स्वातंत्र्यापुरता आहे. नियमांत नसलेला निर्बंध अधिकाऱ्यानें स्वतःच्या मर्जीनें लादला, तर त्याला त्या हुकुमाचें संरक्षण नाहीं. मला हा निकाल वाचतांना नेहमीं मंडालेच्या वह्या आठवतात. 'गीतारहस्या'च्या वह्या सोडतांना सरकारनें कृपा केली. 'अणूच्या अंतरंगांत'चें हस्तलिखित सोडतांना सरकारनें कृपा केली नाहीं. त्याला तें सोडावें लागलें.

परंतु इतिहास एका रेषेंत पुढें जात नाहीं. १९७५च्या जूनमध्यें पुन्हा आणीबाणी पुकारली गेली. या वेळीं राष्ट्रपतींचा हुकूम अधिक काळजीपूर्वक लिहिला होता. ज्या एका वाक्याच्या आधारानें संझगिरींना दाद मिळाली, तशी अट त्यांत नव्हती. २८ एप्रिल १९७६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक मतांनीं सांगितलें कीं, स्थानबद्धाला न्यायालयाचें दारच ठोठावतां येणार नाहीं. विरुद्ध मत एकट्या न्यायमूर्ति खन्नांचें. पुढच्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयाचा आणखी एक निर्णय सर्वोच्च न्यायालयानें फिरविला. कोठडींतील अन्न, भेटी आणि वागणूक यांविषयीं महाराष्ट्रांतील स्थानबद्धांना उच्च न्यायालयानें दाद दिली होती. तीही आणीबाणींत मागतां येत नाहीं असें ठरलें. म्हणजे दहा-बारा वर्षांत जेवणाचें तें उदाहरण विनोद म्हणून उरलें नाहीं. या बहुमतांत पुण्याचे न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं २०१७ सालीं खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यांत वडिलांचा तो निकाल चुकीचा म्हणून रद्द केला. मुलानें बापाचा हिशेब चोख केल्याचें असें उदाहरण न्यायाच्या इतिहासांत विरळाच.

आणीबाणी संपली आणि १९७८ सालीं बांध फुटल्यासारखे निकाल येऊं लागले. मनेका गांधींच्या पारपत्राच्या खटल्यांत न्यायालयानें म्हटलें, एकविसाव्या कलमांतली 'पद्धति' न्याय्य व वाजवी असली पाहिजे. लहरी पद्धति ही पद्धतिच नव्हे. घटनासमितीनें पुढच्या दारानें घालविलेले शब्द मागच्या दारानें घरांत आले. त्याच वर्षीं चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती संसदेनें संमत केली आणि आणीबाणींतही विसावें व एकविसावें कलम स्थगित करतां येणार नाहीं असें ठरलें.

त्या वर्षींचा एक खटला फारसा गाजला नाहीं, परंतु मला तो फार बोलका वाटतो. सौराष्ट्रांतील विद्यापीठांत शिकविणाऱ्या एका गृहस्थावर दुसऱ्या विद्यापीठाच्या खोट्या पदव्या तयार करण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयानें त्याला न्यायालय उठेपर्यंतची नांवाची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयानें १९७३ सालीं ती वाढवून तीन वर्षांची सक्तमजुरी केली. तो येरवड्याच्या तुरुंगांत शिक्षा भोगून बाहेर आला, आणि मग त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयांत पोंचला. इतका उशीर कां? तर निकालाची प्रतच मला मिळाली नाहीं, असें त्याचें म्हणणें. उच्च न्यायालयानें प्रत तुरुंगाकडे वेळेवर धाडली होती. तुरुंगाचें म्हणणें असें कीं, कारकुनानें ती कैद्याला दिली. पण राज्यपालांकडे दयेचा अर्ज करावयाचा होता, त्याला जोडण्यासाठीं ती परत घेतली. पोंच म्हणून कैद्याची सही कोठेंच नव्हती.

श्रोतेहो, या एका कागदाच्या प्रवासांत आपला सबंध विषय आला आहे. अपील हा कैद्याचा हक्क आणि दयेचा अर्ज ही मेहेरबानीची याचना. निकालाची प्रत एकच होती. ती याचनेला जोडली गेली आणि हक्क प्रतीवांचून राहिला. कोणी दुष्टपणा केला असें नाहीं. कारकुनाला कदाचित् आपण उपकारच करीत आहों असें वाटलें असेल. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या गृहस्थाचा अर्ज गुणावगुणांवर फेटाळला. परंतु फेटाळतांना ठरवून दिलें कीं, शिक्षा देणाऱ्या न्यायालयानें निकालाची प्रत कैद्याला फुकट द्यावी, तुरुंगामार्फत दिल्यास त्याची लेखी पोंच घ्यावी, अपील करण्यास तुरुंगानें साह्य करावें, आणि वकील करण्याची ऐपत नसल्यास न्यायालयानें वकील नेमून त्याचा खर्च सरकारकडून घ्यावा.

यानंतर तेरा दिवसांनीं, ३० ऑगस्ट १९७८ रोजीं, सुनील बत्रा खटल्याचा निकाल लागला. बत्रा याला फांशीची शिक्षा झाली होती आणि तो दिल्लीच्या तिहार तुरुंगांत होता. अपील चालूच असतां त्याला एकट्याला कोठडींत ठेवलें होतें. आधार होता १८९४च्या कायद्याचें तिसावें कलम: फांशीच्या कैद्यास इतरांपासून वेगळें ठेवावें. पांच न्यायमूर्तींनीं कलम कायम ठेवलें, परंतु त्याचा अर्थ उलगडून दाखविला. अपील आणि दयेचा अर्ज दोन्ही संपल्याखेरीज मनुष्य या कलमाच्या अर्थानें फांशीचा कैदी होत नाहीं. शिवाय एकांत कोठडी ही स्वतंत्र शिक्षा आहे. ती तेव्हांच्या दंडसंहितेच्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या कलमांप्रमाणें न्यायालयानें द्यावयाची, तीही एकूण तीन महिन्यांपलीकडे नाहीं आणि एका वेळीं चौदा दिवसांहून अधिक नाहीं. जी शिक्षा न्यायाधीशाला इतक्या मोजून-मापून द्यावी लागते, ती तुरुंगाधिकारी देखरेखीच्या नांवाखालीं अमर्याद देऊं लागला, तर न्यायालयाच्या शिक्षेला अर्थ काय उरला? हॉवर्डनें बेडफर्डशायरांत विचारलेला प्रश्न तो हाच.

त्याच निकालांत चार्ल्स शोभराज नांवाच्या परदेशी कैद्याचाही प्रश्न होता. १९७६च्या जुलैपासून त्याच्या पायांत दंडाबेडी होती, ती तशीच. मनुष्य कुप्रसिद्ध होता आणि पळून जाण्याचें भय खोटें नव्हतें. म्हणूनच येथें न्यायालयानें दाखविलेला विवेक पाहण्यासारखा आहे. बेडी कधींच घालूं नये असें त्यानें म्हटलें नाहीं. ती घालण्याचें कारण नोंदलें पाहिजे, ती गरजेपुरती असली पाहिजे, तिचा फेरविचार झाला पाहिजे. साध्या, गरीब कैद्यासाठीं उदार होणें सोपें असतें. नियमाची परीक्षा अशा माणसापाशींच होते.

कृष्ण अय्यर यांच्या स्वतंत्र निकालपत्रांत अमेरिकेचे दाखले पुष्कळ आहेत. व्हर्जिनियाच्या न्यायालयानें १८७१ सालीं कैद्याला राज्याचा गुलाम म्हटलें होतें. तेथपासून १९७४ सालापर्यंत अमेरिकेनें मोठा पल्ला गांठला होता. त्या सालच्या वुल्फ खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, तुरुंगांतील गैरवर्तनाबद्दल कैद्याची शिक्षेंतली सूट कापावयाची, तर त्याला आरोपाची लेखी सूचना निदान चोवीस तास आधीं द्यावी, आणि निर्णयाचीं कारणें व पुरावा लिहून द्यावा. वकील मात्र तेथें मिळणार नाहीं. आमच्या घटनेंत 'ड्यू प्रोसेस' हे शब्द नसले तरी फळ तेंच, असें न्यायमूर्तींनीं बजावलें. आमच्या न्यायालयांनीं परक्यांचे दाखले फार द्यावे हें मला एरवीं रुचत नाहीं. येथें मात्र तो दाखला जुनीच उधारी फेडणारा होता.

१९७९च्या आरंभीं बिहारचे कच्चे कैदी उजेडांत आले. वर्तमानपत्रांतील लेखांच्या आधारानें श्रीमती कपिला हिंगोरानी यांनीं अर्ज केला. ज्या गुन्ह्याची जास्तींत जास्त शिक्षा दोन वर्षें, त्या आरोपाखालीं त्याहून अधिक काळ खटल्याची वाट पाहत बसलेले लोक त्यांत होते. त्वरित चौकशी हा एकविसाव्या कलमाचा भाग आहे, असें न्यायालयानें जाहीर केलें आणि हजारों लोक सुटले. याचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ अखेर भारतांतील तुरुंगांत दर चार माणसांतील सुमारें तीन माणसें कच्चे कैदी होतीं, म्हणजे ज्यांचा अपराध अजून सिद्ध व्हावयाचा आहे अशीं. आणि तुरुंगांतील कामें जातीवरून वांटून देणारे नियम कित्येक राज्यांच्या नियमावलींत २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत छापलेले होते; ते त्या महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें रद्द केले. मुंबईच्या एका महिला पत्रकारानें हा अर्ज केला होता.

परंतु मला शेवटीं सांगावयाची आहे ती गोष्ट एका चिठ्ठीची. पहिल्या निकालानंतर वर्षभरानें सुनील बत्रा यानें तिहारमधून सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना कागदाच्या एका तुकड्यावर पत्र लिहिलें. तें स्वतःविषयीं नव्हतें. शेजारच्या एका कैद्याला पैशासाठीं एका वॉर्डरनें अमानुष छळलें, असें त्यांत होतें. त्यावर कोर्टफीचें तिकीट नव्हतें, वकिलाची सही नव्हती, अर्जाचा नमुना नव्हता. न्यायालयानें त्या चिठ्ठीलाच हेबियस कॉर्पसचा अर्ज मानलें, आणि चितळे व मुद्गल या दोन वकिलांस न्यायालयाचे मित्र म्हणून तुरुंगांत पाठविलें. ते कैद्याला भेटले, साक्षीदारांशीं बोलले, कागदपत्र पाहून आले. छळ झाल्याचें दिसून आलें. २० डिसेंबर १९७९च्या निकालांत न्यायालयानें ठरविलें कीं, एकांत कोठडी, सूट कापणें किंवा दूरच्या तुरुंगांत हलविणें अशी जबर शिक्षा सत्र न्यायाधीशाच्या नजरेखालून गेल्याखेरीज देऊं नये. घाई असल्यास दोन दिवसांच्या आंत त्याला कळवावें. वकिलांनीं व न्यायाधीशांनीं तुरुंगांत जाऊन कैद्यांचें ऐकावें. आणि प्रत्येक तुरुंगांत तक्रारींची पेटी ठेवावी. त्या पेटीपाशीं कोणाही कैद्याला जातां यावें, आणि ती उघडण्याची व्यवस्था तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे न ठेवतां जिल्हा न्यायाधिकारी व सत्र न्यायाधीश यांनीं आपल्या हुकुमानें करावी.